स्वस्तातला हातोडा

"ती वाटेल ते बोलेल. ऐकून घे. उलट उत्तर दिलंस तर माझी शपथ आहे तुला."

इस्पितळातल्या खाटेवरून दादाने दोनदा बजावलं होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी, आवाज खोल गेलेला. धाकटा तेच आठवत वर्कशॉपच्या दारात उभा होता. आत वहिनी त्याची हत्यारं फेकत होती.

पक्कड भिंतीवर आदळली. मागोमाग करवत, पाने, कानस.

"कुठून उचलता हो भाऊजी हे भंगार? फुटपाथवरच्या ढिगातून?"

"ढिगातूनच."

"वर तोंड करून सांगता!" तिने टेबलावरचा हातोडा उचलला. "आणि हा? ह्याचाच ना टवका उडून यांच्या डोळ्यात गेला?"

धाकट्याने मान हलवली. काल त्यानेच तिला तो दाखवला होता.

"म्हणे, हत्यार नाही, हात चांगला लागतो! दहा वर्षं ऐकतेय हे कीर्तन. घ्या आता. चांगल्या हाताच्या माणसाचा डोळा गेला."

तिने हातोडा ऐरणीवर आपटला. एकदा, दोनदा. घाव घालून घालून सपाट, गुळगुळीत झालेलं त्याचं तोंड खणखणलं.

"दाम तसं काम. मी काय वेडी म्हणून वर्षभर लोकांचे कपडे शिवून यांना भारीतला हातोडा आणला? वर नाव कोरून घेतलं? तो हातात असता तर आज डोळा शाबूत असता!"

"चुकलं, वहिनी."

"वापरायला यांचं मन धजलं नसेल. जपून ठेवला असेल कुठेतरी." ती कपाटाकडे वळली आणि एकेक खण उपसू लागली. "कुठंय तो?"

धाकट्याने दाराबाहेरच्या सायकलकडे नजर टाकली.

"भाऊजी, माझा हातोडा कुठंय?"

"विकला."

खण तसाच उघडा टाकून ती वळली.

"कधी?"

"परवा."

"भाऊ तिकडे आडवा पडलेला, आणि तुम्ही..." तिने हात उगारला. मारलं मात्र नाही. तेच त्याला जास्त लागलं. "किल्ली ठेवा टेबलावर. पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. ते घरी आले की मीच सांगते त्यांना, भाऊ काय लायकीचा निघाला ते."

"सांगा," तो म्हणाला. किल्ली ठेवली. पायाशी पडलेल्या हत्यारांतलं एकही उचललं नाही.

बाहेर सायकलच्या कॅरियरवर जुन्या पँटमध्ये गुंडाळलेलं एक बोचकं होतं. गल्लीच्या वळणावर दोरी सैल झाली, तसा तो थांबला. बोचकं सोडून नीट बांधायला घेतलं. आत नवाकोरा हातोडा होता. दांड्यावर सुबक अक्षरांत दादाचं नाव. चकचकीत पोलादी तोंडाच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला. त्याने दोरी आवळली आणि दादाला कबूल केल्याप्रमाणे कालव्याची वाट धरली.