एक जागा रिकामी

पोतोसीच्या बसस्टँडवर मी संत्र्याचा रस विकते आणि माझ्या शेजारी बासिलिया पाव विकते. उयुनीला जायला बस बरी की व्हॅन, हे परदेशी पाहुणे तिलाच विचारतात.

"बसनेच जा. व्हॅनवाला वळणावर डुलक्या काढतो," ती प्रत्येकाला सांगते.

आज व्हॅनमध्ये एकच जागा उरली होती. आतली माणसं ताटकळून कटकट करत होती, तरी तिने एका मुलीला बसकडे पिटाळलं. मला राहवलं नाही.

"अगं, स्वतःच्याच नवऱ्याच्या पोटावर पाय देतेस?"

बासिलियाने स्टिअरिंगवर डोकं टेकलेल्या सेवेरिनोकडे पाहिलं.

 

"भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. कालपासूनची ही तिसरी फेरी आहे, तेवढाच डोळा लागतो त्याचा."