पांढरं कार्ड

प्रेमिलाबाईंनी कार्ड उघडलंच नाही. रंग पाहिला आणि टेबलावरून परत सरकवलं.

“पिवळं कसं येईन? माया पोरगा धम्मदीप धडधाकट आहे. पुन्हा पाह्य.”

“दोनदा पाहिलं, मावशी,” नंदिनी म्हणाली. “पिवळे धडधाकटच असते. मी नाही का पिवळी?”

संस्थेच्या दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून कार्डं वाटायचं काम नंदिनीकडे होतं. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण रक्तात आहे; आणि नवरा-बायको दोघं पिवळे निघाले, तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारातली एक चिठ्ठी लालची. वस्तीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन इथल्या आजोबांनी पत्रिका बघणं सोडलं, आता नातवंडं कार्ड बघतात.

लाल म्हणजे काय, ते समोरच्या बाकावर पडलेलं होतं. अंजनाबाईंची सात वर्षांची नात गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. सकाळपासून तिची हाडं ठणकत होती. डॉक्टर आल्याशिवाय इंजेक्शन नव्हतं आणि शनिवारी डॉक्टर तीनला येत. अंजनाबाई नुसत्या तिचे पाय चोळत होत्या.

“हिले जरा बाहेर घेऊन बसा न बाई,” प्रेमिलाबाई त्यांना म्हणाल्या. “बोलणं ऐकू नाही येऊन राहिलं.”

अंजनाबाईंनी नातीला उचललं आणि व्हरांड्यात नेलं. कोणी उठवलं की उठायचं, याची त्यांना सवय झाली होती.

प्रेमिलाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “पांढरं करून दे.”

“तसं नाही होत, मावशी.”

“काहून नाही होत? कार्ड तूच लिहिते, शिक्का तुयाच ड्रॉवरमध्ये. उमरेडचे सोयरे उद्या येऊन राहिले. पोरगी पिवळी आहे. पोराचं पांढरं असन तरच देतो म्हणते तिचा बाप. तूच म्हणे तिकडं शिबिरात शिकवून आली.”

शिकवलं होतं खरं. नंदिनीला ती मुलगीही आठवली. संघमित्रा. शिबिर संपल्यावर सगळ्या बायका गेल्या तरी ती मागे थांबली होती. “ताई, पांढऱ्याशी लग्न केलं तं लेकराले खरंच लाल नाही होत न?” तिनं विचारलं होतं. नाही होत, असं नंदिनीनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं.

“पोरगी पिवळी असली तं चालते तुम्हाले?” नंदिनीनं विचारलं.

हे तिनं सहज विचारलं नव्हतं. महिन्यापूर्वी याच बाईनं नंदिनीचा लग्नासाठी दिलेला फोटो परत पाठवला होता. पोरगी चांगली आहे, पण कार्ड पिवळं पडलं, एवढाच निरोप. धम्मदीप आणि ती दोन वर्षं सोबत फिरले होते, तो त्या दिवसापासून फोन उचलेना. परवा त्याचा रिपोर्ट पिवळा आला, तेव्हा नंदिनी रडली आणि रडून झाल्यावर तिला थोडं बरंही वाटलं. आपलं लग्न नाहीतरी व्हायचंच नव्हतं. दोष रक्ताचा होता, माणसांचा नव्हता.

“तिचा बाप खाणीत पर्मनंट आहे,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “एकुलती एक पोरगी. तुया घरी काय आहे वं? आता तोंडावर कसं सांगाव, म्हणून कार्डाचं नाव केलं. तूही समजलीच असशीन.”

नंदिनी समजली नव्हती. तिनं दाराकडे बोट केलं. व्हरांड्यातून पोरीचं कण्हणं आत येत होतं.

“तुमच्या नातवाचं असं होईन, मावशी.”

“चारात एक म्हणते न तू? तीन तं चांगले निघते.”

“धम्मदीपले माहीत आहे का हे?”

“त्यानंच तं पाठवलं मले. म्हणे, आई, नंदिनीले सांग. मायासाठी ती काहीही करते.”

नंदिनीला राग आला. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. या बाईचा आला, धम्मदीपचा आला आणि जिनं कोणाचं काही वाईट केलं नव्हतं त्या उमरेडच्या मुलीचाही आला. ती मुलगी तिला लग्नाच्या पांढऱ्या साडीत, धम्मदीपच्या शेजारी उभी दिसली.

तिनं पिवळं कार्ड फाडलं. ड्रॉवरमधून कोरं पांढरं काढलं, नाव घातलं, वय घातलं, “दोष आढळला नाही” असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून वर फुंकरही घातली.

“मनाची मोठी आहे वं तू,” प्रेमिलाबाईंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. “लग्नाले येजो. राग नको धरू.”

“राग कायचा, मावशी,” नंदिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी गोड झाला होता. “लेकरू झालं का इथंच आणजा. इथं सगळं फुकट आहे.”