साहेबरावांची खूण

"आणखी जरा. जरा... बस, थांब."

वैदेहीनं पाना तिथंच दाबून धरला. जीपच्या बॉनेटखाली तिचे दादा, म्हणजे वडील साहेबराव, छातीपर्यंत आत शिरले होते. पहिला पिस्टन वर आला होता. आता बेल्ट चढवायचा, टायमिंग जुळवायचं आणि नवा कॅम सेन्सर बसवायचा. जुन्या सेन्सरनं शुक्रवारी मान टाकली आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. तिथवर हात जायला बेल्ट उतरवावाच लागला.

आज रविवार, गॅरेजं बंद. आणि सोमवारी पहाटे गाडी खुलताबादला उभी पाहिजे होती. तिथल्या बायकांना पहिल्या पाळीला वाळूजच्या कारखान्यात पोचवायची लाइन वैदेहीला मिळाली होती. ठेकेदारानं तोंडावर सांगितलं होतं, "बाईमाणसाला पहिल्यांदाच देतोय. पहिल्याच दिवशी गाडी आली नाही, तर जी गाडी येईल तिची लाइन."

नवरा गेला, दौलताबादच्या शेतात दुष्काळानं कुसळ उगवू दिलं नाही. पडेगावात माहेरच्या दोन खोल्या आणि ही जीप, एवढंच उरलं होतं. आजूबाजूला बंगल्यांवर बंगले चढत होते, पाणी मात्र टँकरचं. लाइन गेली तर लेकराला घेऊन कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

दुपारी भाऊ डोकावला. मिहिर. त्याचीही जीप होती, हप्त्यावर घेतलेली आणि धंद्यावाचून दारात उभी.

"मी धरू का पाना?"

"तू लांब हो," साहेबराव खेकसले. "तुझा हात लागला की चालतं इंजिन बंद पडतं."

मिहिर गुमान निघून गेला. वैदेहीला खरं सांगायचं तर लई बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा दादा लेकाच्या नाही, लेकीच्या बाजूनं बोलले होते.

बेल्ट चढवताना तिनं मोबाइल पुढं केला. "दादा, व्हिडिओत तर बाणासमोर बाण आणायला सांगतेत. तुम्ही पुढं घेतलं."

"कंपनीचा बाण नव्या इंजिनाला. हे एकदा उघडलेलं इंजिन हाय. त्याला मी घातलेली खूण." त्यांनी पुलीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "एसटीच्या वर्कशॉपात उमर गेली माझी. व्हिडिओ बघून नाय शिकलो."

वैदेहीनं मोबाइल ठेवून दिला. पाना धरायला, कान देऊन इंजिन ऐकायला तिला दादांनीच शिकवलं होतं. उस्तादाच्या खुणेपुढं कंपनीचा बाण कोण विचारतो? बेल्ट बसला. हातानं इंजिन फिरवून पाहिलं, कुठं अडलं नाही. फारूखभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून काल संध्याकाळी आणलेला सेन्सर बसला.

ती चावी घ्यायला उठली, तर साहेबरावांनी मनगट धरलं.

"आज आवस हाय. नवा जोड पहिल्यांदा आवसंला चालू करत नसतेत. उद्या नारळ फोडू आणि मग स्टार्टर."

"आणि नाही चालू झाली तर?"

"मी बसवलंय ना?"

झालं. तिनं बॉनेट लावून टाकलं.

सोमवारी पहाटे नारळ फुटला. वैदेहीनं चावी फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पेटलं मात्र नाही. पुन्हा. पुन्हा. बॅटरी बसत आली.

"सेन्सर डुप्लिकेट दिला त्यानं," साहेबराव म्हणाले. "ओळखीचाच माणूस गळा कापतो बघ."

वैदेहीच्या डोक्यात तिडीक गेली. फारूखभाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडं. तिनं दार बडवून त्यांना उठवलं आणि तोंडाला येईल ते बोलली. पोटावर पाय दिलात म्हणाली, अल्लाला काय तोंड दाखवाल म्हणाली. फारूखभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हत्यारांची पेटी उचलली. ती जीपपाशी परत आली तेव्हा साहेबराव घरात नव्हते, मारुतीला गेले असतील.

फारूखभाईंनी मीटर लावून सेन्सर तपासला. मग कव्हर काढून बेल्टकडं बघत बसले.

"बेटा, सेन्सर एकदम ठीक आहे. बेल्ट दोन दात पुढं बसलाय, म्हणून इंजिन पेटत नाही. किसने बिठाया?"

"दादांनी."

त्यांनी पाना उचलला. "साहेबरावभाऊंची नजर कमजोर झाली असेल. उमर किसको छोडती है."

वैदेहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फारूखभाईंची माफी मागितली. दादांना यातलं काही सांगू नका, असंही विनवलं. म्हातारा माणूस, मनाला लावून घेईल. लाइन गेली तर गेली, बाप रडलेला तिला बघवला नसता.

बेल्ट बाणासमोर बाण आणून बसला आणि पहिल्याच चावीला गाडी चालू झाली. उजाडलं होतं. तिनं घाईघाईनं खुलताबादच्या अजराला फोन लावला. कामाला जाणाऱ्या बायकांची ती म्होरकी होती.

"अजरा, अर्धा तास थांबा गं. निघालेच मी."

"आम्ही वाळूजच्या गेटवर पोचलो की. मिहिर आला ना गाडी घेऊन." अजराचा आवाज गोंधळलेला होता. "तुला ठाऊक नाय? शनिवारीच तुझे दादा घरोघर सांगून गेले, सोमवारी मिहिरच्या गाडीत बसा, वैदेहीची काही चालू व्हायची नाय."