पडद्यावरची सासू

"माह्या नातीले मी त्या बाईच्या घरात देत नाही," असं पुन्हा एकदा सांगून कौशल्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

त्यांचा मुलगा वामनराव कपाळाला हात लावून उभा होता. जानेफळात मुलगी पाहायला मोटारीतून कोणी येतं, हेच गावाला नवल होतं. त्यातून येणार होत्या कुमुदिनीबाई. मूळच्या मेहकरकडच्याच. परकर-पोलक्यात असताना नाटक कंपनीबरोबर गेल्या, अमरावती-नागपूर गाजवलं, मग मुंबईचा रंगमंच आणि मग सिनेमा. नवं राज्य झालं त्या साली मुंबईत त्यांचा मोठा सत्कार झाला होता. धाकट्या मुलासाठी त्यांना आपल्याच भागातली साधी, कामसू मुलगी हवी होती. शहरातल्या मुली उलट बोलतात, असं त्यांनी निरोपातच कळवलं होतं.

अडचण एवढीच, की कुमुदिनीबाई सिनेमात सासू व्हायच्या. बघणारीने बोटं मोडावीत अशी सासू. जत्रेत तंबूतला सिनेमा आला तेव्हा त्यांनी पडद्यावर सुनेला एकच लुगडं हाताची सालं निघेपर्यंत धुवायला लावलं होतं. कौशल्याबाईंना राहवलं नाही. त्यांनी पायातली चप्पल काढून पडद्यावर भिरकावली आणि उरलेली एक घालून घरी आल्या. गाव अजून हसत होतं.

"माय, थो सिनेमा होता," वामनराव म्हणाले. "खऱ्यात अन् नाटकात काही फरक असते का नाही?"

"असे डोये उसने आनता येत नाहीत, बाप्पा."

मथुरा आत नवी साडी नेसून सगळं ऐकत होती. आई लहानपणीच गेलेली. आजीने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आजी नाही म्हणाली तर तीही नाहीच म्हणणार होती.

दुपारी मोटार आली. कुमुदिनीबाई मोतिया रंगाच्या रेशमी साडीत उतरल्या. मांडलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट कौशल्याबाईंपुढे जमिनीवर बसल्या आणि पायांना हात लावला. चपलेची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती.

"मोठ्या माय, आजवर लय बक्षिसं भेटली मले," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या चपलेवानी एक नाही."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. हसू लपवायचं होतं.

मग घर सैल झालं. कुमुदिनीबाईंनी भाकर-ठेचा मागून मागून खाल्ला. इतकी खाष्ट सासू कशी काय वठवता, असं वामनरावांनी भीतभीत विचारलं.

"मले अॅक्टिंग कुठं येते, भाऊ? जे हाय तेच लोकायले दिसते."

सगळे हसले. एवढी मोठी बाई, पण गर्व म्हणून नाही, असं वामनरावांना वाटलं. बरोबर आलेला कुमुदिनीबाईंचा धाकटा मुलगा अरविंद तर खाली मान घालून बसला होता. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. तेही घरच्यांना आवडलं.

थोरली सून का नाही आली, असं कौशल्याबाईंनी खोदून विचारलंच. ती वर्षभर माहेरीच आहे, असं कुमुदिनीबाईंनी हळहळून सांगितलं. तिच्या हाताची कातडी सोलते, डॉक्टरांनी पाण्यात हात घालायला मना केलंय. घर अगदी सुनं झालंय.

तेवढ्यात मथुरा चहा घेऊन आली. ती वाकून कप पुढे करू लागली. कप कलंडला आणि सगळा चहा त्या मोतिया साडीवर सांडला.

कौशल्याबाईंना पडदा आठवला. त्यांचा पाय आपसूक चप्पल चाचपू लागला.

कुमुदिनीबाई मात्र खळखळून हसल्या. त्यांनी मथुराला जवळ ओढलं, तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, त्यावरून मायेने बोटं फिरवली.

"काऊन भेऊन राह्यली, पोरी? चहाच तं सांडला."

कौशल्याबाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या, डब्यातली साखर आणली आणि स्वतःच्या हाताने विहीणबाईंच्या तोंडात घातली. "मीच येडी," त्या म्हणाल्या. "पडद्यावरचं खरं धरून बसली."

मोटार दिसेनाशी होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. नातीचं सोनं झालं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

चिखलीच्या रस्त्याला लागल्यावर अरविंदने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चिखलीत धोबी असेल, आई. चहाचा डाग जुना झाला की निघत नाही."

"ठाऊक आहे मला," कुमुदिनीबाई म्हणाल्या. वऱ्हाडी बोली जानेफळातच राहिली होती. "लग्नापर्यंत कपाटात राहू दे. मथुरा धुवेल. निघेपर्यंत."