बिनआवाजाची अंत्ययात्रा

"एक घोषणा कानावर आली, की लाठ्या!" साहेबांनी पोलीस जीपमधूनच बजावलं. अंत्ययात्रा निघाली.

पुढे खांद्यावर कापडगिरणीतली पोरगी. थकलेला पगार मागायला इतरांबरोबर गेटवर बसली होती. गोळी पाठीत लागली. म्हणजे पळणाऱ्यांनाही सोडलं नाही. गोळीबाराचा हुकूम कुणी दिला, हे सरकारला अजून सापडत नव्हतं. गुन्हेगारच ठाऊक नाही तर खटला भरायचा कुणावर, असं म्हणून सगळे हात झटकून मोकळे. सापडणार कसा? हुकूम देण्याआधी साहेबांनी छातीवरचा नावाचा बिल्ला काढून खिशात टाकला होता. बाहेरगावाहून मागवलेला माणूस. इथं त्याला ओळखतंय कोण!

रस्ता माणसांनी भरला होता. आवाज फक्त चपलांचा. साहेब खूश झाले.

"बघितलंस? कसे सुतासारखे सरळ आले. नुसते ओठ हलतायत. प्रार्थना म्हणत असतील."

ड्रायव्हर ओठ वाचत होता. यंत्रमागांच्या धडधडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. गिरणीत सगळे ओठांनीच बोलतात. त्याच्या आईचा जन्म त्याच मागांवर गेला. घरीही तीच सवय. लहानपणी त्याने शिव्यासुद्धा तिच्या ओठांवरूनच खाल्ल्या. शेजाऱ्यांना वाटायचं, काय शांत बाई आहे!

ती शांत बाई पहिल्या रांगेत चालत होती. डोक्याला बँडेज. गोळीबाराच्याच दिवशी बसलेली लाठी. जीपपाशी येताच तिने पोराकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. नुसते ओठ हलवले. मागच्या रांगेचे हलले, तसेच. त्यामागच्या रांगेचेही, अगदी तसेच.

"प्रार्थना नाही, साहेब."

"मग काय पुटपुटतायत?"

"तुमचं नाव. आडनावासकट. उद्या कोर्टात सांगायचंय ना, पाठ करतायत."

साहेबांचा हात खिशावर गेला. बिल्ला जागच्या जागी होता.

"यांना सांगितलं कुणी?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. डोक्यावरची टोपी काढून सीटवर ठेवली. खाली उतरला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मी. आईच्या डोक्याला बँडेज बांधताना."