कुणी हटकू नका

कोंडाण्याच्या गोमाजीला घरातून निघताना कुणी "कुठं चाललाव?" म्हणून हटकलं, की त्या दिवसाचं काम तिथंच बोंबललं. तो तसाच माघारी फिरायचा, वहाणा काढून ओटीवर बसायचा आणि पुन्हा म्हणून उंबरठा ओलांडायचा नाही. या खुळापायी लेकीची सोयरीक ठरवायला लोधिवलीला जाणं दोनदा राहिलं. शेवटी मुलाकडच्यांनी निरोप धाडला, "या सोमवारी आलाव तर ठीक, नायतर आमी दुसरी पोरगी बघतो."

रविवारी गोमाजीची बायको बायजा घरोघर हात जोडत फिरली. "उद्या आमच्या मालकांना कुनी कायबी इचारू नका गं बायांनो. पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

सोमवारी गोमाजी मेव्हण्यानं मुंबईहून धाडलेला नवा कोट चढवून, बगलेत छत्री मारून निघाला. अख्ख्या गावानं जीभ आवरली. पाणवठ्यावरच्या बायांनी तोंडं फिरवली. एरवी वाटेवरच्या कुत्र्याचीही चौकशी करणारा म्हातारा लडकू करवंदीच्या जाळीआड जाऊन बसला. गोमाजी दोनदा मोठ्यानं खाकरला, वेशीपाशी थांबून त्यानं मागं वळूनही बघितलं. कुणी चकार शब्द काढला नाही.

बायजा देवापुढं साखर ठेवत होती, तोच ओटीवर छत्री आदळली.



"येवढा नवा कोट घालून अख्ख्या गावातनं गेलो, पन एकानं इचारलं नाय, कुठं चाललाव म्हनून! आसल्या अपशकुनात पोरीची सोयरीक करू व्हय?"