नावं नसलेला नकाशा

तपासनीस वर्गात आले तशी भिंगरीची आई खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसायचं विसरूनच गेली.

ते शिपायाच्या खांद्यावर हात टाकून आले होते. बाईंना ते पाहूनच खटकलं. स्वतःच्या शिपायाला कठड्यासारखा वापरणारा माणूस मुलांकडे काय बघणार, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. शिपायाने खुर्ची सरकवून दिली. साहेब बसले आणि मुलगी कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं.

भिंगरी त्यांच्या पुढ्यातच उभी होती.

भिंगरी हे तिचं वर्गातलं नाव. ती एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. अक्षरंही तिच्यापुढे ठरत नसत. 'ब'चा 'व' व्हायचा, एक ओळ दुसऱ्या ओळीत शिरायची. तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं द्यायची, पण पेपर पुढ्यात आला की हात लुळे पडायचे. नापास होत होत ती त्याच वर्गात राहिली होती. आता शाळेने हात टेकले होते. आजचा शेरा उलटा पडला की तिचं नाव पटावरून कमी होणार होतं.

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. पोरगी घरी बसणार असेल तर घड्या घालायला घेऊन ये, असं मालकाने सांगून ठेवलं होतं. आईने अजून होकार दिला नव्हता. पण कशाच्या जोरावर नाही म्हणायचं, तेही तिला सुचत नव्हतं.

बाईंनी वरच्या कचेरीत खेटे घालून घालून एवढंच पदरात पाडून घेतलं होतं, की लेखी पेपरच्या जोडीला भिंगरीने हाताने केलेलं कामही तपासलं जाईल. त्यांची सगळी भिस्त आता त्यावर होती.

ते काम खिडकीखालच्या टेबलावर होतं. शाळेच्या आसपासच्या भागाचा एका फळीवर उभारलेला नकाशा. अख्खा वर्ग दोरी घेऊन हिंडला होता आणि अंतरं मोजून आला होता. बांधकाम मात्र भिंगरीचं. टेकडी कागदाच्या लगद्याची, रस्ते खरखरीत पॉलिश पेपरचे, नदी मेणाची, पूल आगकाड्यांचा. धूळ बसू नये म्हणून वर कापड घातलं होतं.

साहेबांनी आधी पेपर मागितला. हातात घेतला आणि तसाच बाईंकडे धरला.

"काय लिहिलंय?"

"काहीच नाही, सर. कोरा आहे."

"मग मी तपासू काय?"

बाईंनी खिडकीकडे बोट दाखवून नकाशाची सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यावर ठिकाणांची नावं लिहिली आहेत का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, नावं लिहिता आली असती तर आम्ही आज तुमच्यासमोर कशाला उभे असतो. निदान एकदा बघून तरी घ्या.

साहेबांनी खिडकीच्या दिशेने मान वळवली, क्षणभर थांबले.

"बघितलं," ते म्हणाले.

नकाशावरचं कापड कुणी काढलंसुद्धा नव्हतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या दिवसांचे हेलपाटे, विनवण्या, ऐकून घेतलेले टोमणे, सगळं एकदम वर आलं. आवाज चढू द्यायचा नाही असं सकाळपासून स्वतःला बजावलं होतं, ते वाऱ्यावर गेलं.

"हिला अक्षरं दिसत नाहीत, सर. पण तुम्हाला तर अख्खी पोरगी दिसत नाही."

शिपायाने दचकून साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात पुढे केला, शिपायाने त्यात पेन दिलं आणि शेऱ्याच्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं.

आईने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला. ती साहेबांपाशी जाऊन हात जोडून बोलत सुटली. बाईंचा राग पोरीवर काढू नका, पोरगी हुशार आहे, आणखी एक वर्ष द्या, मी वाटेल ते करीन. तिला शब्द पुरेनात.

"मला तिला लॉन्ड्रीत न्यायचं नाहीये, साहेब," शेवटी ती एवढंच म्हणाली.

पेन कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं.

भिंगरी इतका वेळ जागची हलली नव्हती. साहेब आल्यापासून ती त्यांनाच टक लावून पाहत होती. आता ती खिडकीपाशी गेली, कापड बाजूला टाकलं, फळी छातीशी धरून घेऊन आली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. मग तिने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. संपलं सगळं, बाईंना वाटलं. अधिकाऱ्याच्या हातातून पेन ओढून घेणाऱ्या मुलीला कोण शाळेत ठेवून घेणार?

भिंगरीने साहेबांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात टेकडीवर नेऊन ठेवला.

"ही शाळेमागची टेकडी," ती म्हणाली. "खाली या. सावकाश."

"भिंगरी, सोड त्यांना," बाई कळवळून म्हणाल्या. "सर, माफ करा, तिला कळत नाही."

साहेबांनी हात मागे घेतला नाही. बोटं उतारावरून खाली आली, रस्त्याला लागली, पुलावरून पलीकडे गेली, पुन्हा माघारी फिरली. शाळेच्या मागच्या फाटकाशी येऊन ती थांबली.

"इथे पाणी साचत असेल," ते हळूच म्हणाले.

"साचतं. सगळा उतार तिकडेच आहे."

शिपायाने मान खाली घातली. बाई भिंगरीला मागे ओढायला पुढे झाल्या, तिच्या दंडाला त्यांनी धरलंही. भिंगरीने साहेबांचं मनगट सोडलं नाही.

"ओढू नका ना, बाई," ती म्हणाली. "सरांना दिसत नाही."